सबंध आकाशाचा रेडिओ नकाशा आणि दुर्बिणीचे कॅलिब्रेशन : एकच गुणक का पुरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्याचे तेज आधीपासून ठाऊक आहे अशा एखाद्या रेडिओ स्रोताकडे दुर्बीण वळवली, यंत्राने दिलेला आकडा आणि खरे तेज यांचे गुणोत्तर काढले, की तोच गुणक पुढच्या सगळ्या निरीक्षणांना लावून का भागत नाही? सबंध आकाशाच्या सर्वेक्षणात कॅलिब्रेशनवर, म्हणजे यंत्राच्या आकड्यांवरून खरे माप ठरवण्यावर, इतका वेळ आणि इतके गणन का खर्ची पडते? त्याला जोडून एक व्यावहारिक प्रश्नही आहे : पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या अनेक डिशच्या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस या सर्वेक्षणाच्या यादीतले फ्लक्सचे (स्रोताकडून आपल्यापर्यंत पोचणाऱ्या तेजाचे) आकडे पदव्युत्तर प्रकल्पात वापरायचे असतील, तर त्यांवर कितपत विसंबावे?

एकाच लक्ष्याचे निरीक्षण करणाऱ्याचे एका गुणकावर बहुधा निभावते. गुणक पाच टक्क्यांनी चुकला तर त्याचे उत्तर पाच टक्क्यांनी चुकते आणि तेवढी अनिश्चितता लिहून तो पुढे जातो. सर्वेक्षणाचे तसे नाही. दुर्बीण आकाशभर फिरते तेव्हा तिचा उंचीचा कोन बदलतो, आकाशाचे स्वतःचे तापमान बदलते, डोक्यावरचे आयनांबर (वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर) बदलते, आणि या प्रत्येकाबरोबर चूकही जागेनुसार बदलते. जागेनुसार बदलणारी चूक नकाशावर एक आकृती होऊन उमटते, आणि ती आकृती आकाशाची की यंत्राची हे नुसत्या नकाशाकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. सर्वेक्षणाच्या कॅलिब्रेशनमधले जवळजवळ सगळे कष्ट या दोहोंची फारकत करण्यासाठी असतात.

दुर्बीण प्रत्यक्षात काय मोजते, येथून सुरुवात करावी लागेल. रिसीव्हरमधून बाहेर पडणारी शक्ती म्हणजे नुसता नॉइज (अनियमित खरखर) असतो, आणि त्यात आकाशाचा, आजूबाजूच्या जमिनीच्या उष्णतेचा आणि खुद्द रिसीव्हरचा नॉइज एकत्र मिसळलेला असतो. या बेरजेला आम्ही सिस्टिम तापमान म्हणतो आणि ते केल्विनमध्ये सांगतो. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या एका डिशचे १५० मेगाहर्ट्झवरचे सिस्टिम तापमान सुमारे ६०० केल्विन धरले जाते आणि त्यातले जवळजवळ निम्मे आकाशाचे असते. एक जान्स्की (हे फ्लक्सचे एकक) एवढ्या फ्लक्सचा स्रोत या तापमानात सुमारे एक तृतीयांश केल्विनची भर घालतो. त्रिकोण तारकासमूहातला ३सी ४८ हा क्वेसार (अतिदूरच्या दीर्घिकेचा तेजस्वी गाभा) या वारंवारतेवर सुमारे ६५ जान्स्कीचा आहे, म्हणजे ठळक स्रोतांत गणला जाणारा. तरीही त्याच्याकडे वळवलेल्या एका डिशच्या शक्तीत पडणारी भर साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असते. टीजीएसएसच्या यादीतला २५ मिलिजान्स्कीचा एखादा मंद स्रोत घेतला, तर ती भर एका केल्विनच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरते. उलट रिसीव्हरचे वर्धन (संकेत किती पटीने मोठा होतो ते) एका टक्क्याने सरकले तर ६०० केल्विनवर सहा केल्विनचा खोटा फरक दिसतो. मोजायचे ते इतके लहान आणि ज्यात मोजायचे ते इतके मोठे, हे प्रमाण एकदा लक्षात घेतले की पुढचे सारे खटाटोप का करावे लागतात ते उलगडते.

येथे दोन निराळ्या चुका वेगळ्या ठेवाव्यात. दुकानातला काटा मुळात शून्यावर नसेल तर प्रत्येक मापात सारखीच भर पडते. वजनेच खोटी असतील तर प्रत्येक माप सारख्याच पटीने चुकते. दुर्बिणीतही शून्याची चूक आणि गुणकाची चूक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ज्ञात स्रोताकडे दुर्बीण वळवून गुणक सापडतो, शून्य सापडत नाही, कारण स्रोतावरचे आणि स्रोताशेजारचे माप वजा करताना शून्य आपोआप निघून गेलेले असते.

एकट्या डिशने एकूण शक्ती मोजून आकाशाचा नकाशा करणाऱ्यांना हे शून्य फार छळते. या प्रकारचा आजही सर्वाधिक वापरला जाणारा नकाशा म्हणजे हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेला ४०८ मेगाहर्ट्झचा नकाशा. इंग्लंडमधील जोड्रेल बँक, जर्मनीतील एफेल्सबर्गची १०० मीटरची आणि ऑस्ट्रेलियातील पार्क्सची ६४ मीटरची अशा दुर्बिणींची निरीक्षणे जोडून तो तयार झाला, कारण उत्तर आणि दक्षिण आकाश एकाच ठिकाणाहून पुरते दिसत नाही. रिसीव्हरचे वर्धन निरीक्षणाच्या काळात हळूहळू सरकत असते, त्यामुळे दुर्बीण ज्या दिशेने स्कॅन करत जाते त्या दिशेने नकाशावर पट्टे उमटतात. त्यावरचा उपाय म्हणजे स्कॅन एकमेकांना छेदतील अशी आखणी करणे. जेथे दोन स्कॅन छेदतात तेथे आकाश एकच असते, म्हणून तेथे दिसणारा फरक यंत्राचा असलाच पाहिजे, आणि अशा असंख्य छेदबिंदूंवरून प्रत्येक स्कॅनचे सरकलेले शून्य एकत्रित गणिताने काढता येते. एवढे करूनही त्या नकाशाच्या शून्यपातळीत सुमारे तीन केल्विनची आणि गुणकात सुमारे दहा टक्क्यांची अनिश्चितता राहिली, आणि ती कर्त्यांनी स्वतःच नोंदवली आहे. नंतरच्या काळात या नकाशातले उरलेले पट्टे काढण्याचे काम पुन्हा हाती घेतले गेले. २०१५ साली त्याची सुधारित आवृत्ती आली.

तीन केल्विन हा आकडा लहान वाटतो. पण जमीन सुमारे ३०० केल्विनची असते आणि दुर्बिणीच्या बाजूच्या लोबमधून, म्हणजे मुख्य रोखाबाहेरच्या दिशांनी, तिचा एक टक्का जरी आत शिरला तरी तीन केल्विन होतात, म्हणजे विश्वाच्या पार्श्वप्रारणाच्या २.७ केल्विनहूनही जास्त. शिवाय डिश कलली की शिरणारी जमीनही बदलते. पेन्झियास आणि विल्सन यांनी १९६४-६५ मध्ये ४०८० मेगाहर्ट्झवर सुमारे साडेतीन केल्विनचे अतिरिक्त तापमान, म्हणजे हेच पार्श्वप्रारण, पकडले, ते द्रवरूप हेलियमने थंड केलेला ज्ञात तापमानाचा संदर्भ त्यांच्याजवळ होता आणि अँटेनाच्या प्रत्येक भागाचा नॉइज त्यांनी स्वतंत्रपणे हिशेबात धरला होता म्हणून. अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एजेस (EDGES) प्रयोगाने २०१८ साली ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशाच्या वर्णपटात अर्ध्या केल्विनची खळगी दिसल्याचे जाहीर केले. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने आपला सारस हा अँटेना कर्नाटकातील जलाशयांवर तरंगत ठेवून तेच मोजले आणि २०२२ साली तशी खळगी आढळत नसल्याचे प्रसिद्ध केले. अँटेना पाण्यावर नेण्यामागचे कारण कॅलिब्रेशनचेच आहे : मातीचे थर ठिकठिकाणी निराळे असतात आणि त्यांचे परावर्तन नेमके सांगता येत नाही, पाण्याचे बरेच चांगले सांगता येते.

जीएमआरटीसारखी दुर्बीण शून्याच्या कटकटीतून सुटते, पण त्यासाठी किंमत मोजते. तिच्या ३० डिशपैकी १४ मधल्या सुमारे एक किलोमीटरच्या चौकात आहेत आणि उरलेल्या १६ वाय आकाराच्या तीन भुजांवर, दूरच्या दोन डिशमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर पडेल अशा, पसरल्या आहेत. त्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि कोरिलेटर प्रत्येक जोडीतल्या संकेतांचा गुणाकार करून सरासरी काढतो. एका डिशच्या रिसीव्हरचा नॉइज दुसरीच्या नॉइजशी जुळत नाही, म्हणून तो सरासरीत मावळतो. दोन्हीकडे सारखा पोचलेला आकाशातील स्रोताचा संकेत तेवढा शिल्लक राहतो. किंमत अशी की सर्वांत जवळच्या दोन डिशमध्येही सुमारे १०० मीटर अंतर असल्यामुळे १५० मेगाहर्ट्झवर साधारण एका अंशाहून मोठी, सपाट पसरलेली कोणतीही गोष्ट या दुर्बिणीला दिसतच नाही. टीजीएसएसच्या नकाशात आकाशगंगेची विस्तीर्ण झळाळी आढळत नाही ती यामुळे, जरी डिशमध्ये शिरणारा निम्मा नॉइज तिचाच असला तरी. ही गोष्ट पुढे पुन्हा लागेल.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. निरीक्षणाच्या सुरुवातीला ३सी ४८, ३सी १४७ किंवा ३सी २८६ यांपैकी जो वर असेल त्या स्रोताकडे सर्व डिश वळवतात आणि दहा-पंधरा मिनिटांचे स्कॅन घेतात. त्यातून प्रत्येक डिशचा एक आयाम (संकेताची उंची किती बदलते ते) आणि एक कला (लहर किती पुढेमागे सरकते ते) निघते. आयामाची आणि कलेची निरीक्षणे प्रत्येकी ४३५ आणि अज्ञात डिशमागे प्रत्येकी एक, असा भरपूर जादा माल हाताशी असल्यामुळे हे गणित भक्कम असते. तरीही गणिताच्या आधी आलेख डोळ्यांखालून घालावेत असा माझा आग्रह असतो, कारण चूक कोठे आहे ते आलेख बोलून दाखवतात. सी-०५ सारख्या मधल्या डिशची कला जवळजवळ सपाट रेघ काढत जाते आणि डब्ल्यू-०६ सारख्या भुजेच्या टोकाच्या डिशची रेघ सावकाश वळणे घेत जाते, हे १५० मेगाहर्ट्झवर अपेक्षितच असते. संदर्भ डिशपासून (जिच्याशी बाकीच्यांची कला ताडतात तिच्यापासून) जितके दूर जावे तितके वळण वाढत असेल तर तो आयनांबराचा परिणाम असतो. एखाद्याच डिशची कला मध्येच पायरीसारखी उडाली आणि तीही दोन ध्रुवणांपैकी (लहरीच्या कंपनाच्या दोन दिशांपैकी) एकातच, तर दोष त्या चॅनलच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शोधावा. कला शाबूत आणि आयाम मात्र उतरत असेल तर ती डिश नेमक्या जागी रोखलेली नाही असे समजावे. मधल्या चौकातल्या जवळजवळच्या जोड्यांतच अधूनमधून भाले उभे राहत असतील तर परिसरातल्या वीजवाहिन्यांवरचे स्पार्किंग किंवा तत्सम स्थानिक रेडिओ व्यत्यय आहे. तेवढी मिनिटे किंवा तेवढे चॅनल काढून टाकावेत, कारण व्यत्ययासकट काढलेला गुणक पुढची सगळी रात्र बिघडवतो.

प्रमाण स्रोत कोणते घ्यावेत, हेही वाटते तितके सरळ नाही. शर्मिष्ठेतील कॅसिओपिया ए हा रेडिओ आकाशातला सर्वांत तेजस्वी स्रोतांपैकी एक, पण तो अतिनवताऱ्याचा अवशेष आहे आणि वर्षागणिक साधारण अर्धा ते एक टक्का मंद होत चालला आहे; शिवाय तो आकाराने मोठा असल्याने दूरच्या जोड्यांना त्याचा थोडाच भाग दिसतो. म्हणून दूरच्या, लहान आणि स्थिर दीर्घिका व क्वेसार निवडले जातात. १९७७ साली बार्स आणि सहकाऱ्यांनी दिलेली फ्लक्सची मोजपट्टी अनेक वर्षे प्रमाण मानली गेली. कमी वारंवारतांसाठी २०१२ साली स्केफ आणि हील्ड यांनी सहा स्रोतांवर आधारलेली मोजपट्टी दिली आणि टीजीएसएसने तिचाच आधार घेतला. येथे एक बारकावा आहे. १५० मेगाहर्ट्झवर एका डिशला एकाच वेळी तीन अंशांहून थोडे अधिक रुंद आकाश दिसते आणि एवढ्या क्षेत्रात प्रमाण स्रोत एकटा कधीच नसतो. शेजारचे स्रोत हिशेबात धरले नाहीत तर त्यांचे तेज प्रमाण स्रोताच्या खात्यात जमा होते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच नीट सांगितलेला असतो. प्रमाण स्रोतावर काढलेला गुणक लक्ष्याच्या क्षेत्राला लावताना आपण मनात धरतो की मधल्या काळात यंत्र बदलले नाही. पण अंकीकरणाच्या टप्प्यावर संकेत ठरावीक पातळीत राहावा म्हणून रिसीव्हरच्या साखळीत स्वयंचलित पातळी-नियंत्रण असते. दुर्बीण थंड आकाशाकडून उष्ण आकाशाकडे वळली की एकूण शक्ती वाढते आणि हे नियंत्रण वर्धन कमी करते. आकाशाचे तापमान वारंवारतेच्या साधारण उणे २.५५ व्या घाताने बदलते. त्यामुळे ४०८ मेगाहर्ट्झवर जेथे २० केल्विन आहेत तेथे १५० मेगाहर्ट्झवर सुमारे २५० होतात, आणि आकाशगंगेच्या मध्यभागाकडे हाच आकडा हजारांत जातो. समजा प्रमाण स्रोताच्या क्षेत्रात सिस्टिम तापमान ५५० केल्विन आहे आणि लक्ष्याच्या क्षेत्रात ११००. नियंत्रण चालू असेल तर लक्ष्यातला प्रत्येक स्रोत त्याच्या खऱ्या फ्लक्सच्या निम्माच दिसेल, आणि प्रतिमेत त्याची एकही खूण दिसणार नाही. प्रतिमा स्वच्छ, स्रोत रेखीव, आणि आकडे निम्मे.

दुरुस्तीसाठी दोन्ही ठिकाणचे आकाशाचे तापमान हवे, आणि आपण वर पाहिले की ते पसरलेले तापमान जीएमआरटीच्या जोड्यांना दिसतच नाही. म्हणून ते १९८२ च्या हॅस्लम नकाशातून घ्यावे लागते. म्हणजे त्या नकाशाच्या शून्यपातळीतली तीन केल्विनची अनिश्चितता १५० मेगाहर्ट्झवर सुमारे ३८ केल्विन होऊन आपल्या हिशेबात शिरते. दोन्ही ठिकाणी ती सारखीच मिळवली जात असल्याने काहीशी कटते, पण पूर्ण कटत नाही : वरच्या उदाहरणात ११०० भागिले ५५० म्हणजे २ हे गुणोत्तर ११३८ भागिले ५८८, म्हणजे १.९४ होते. हे तीन टक्के सगळीकडे सारखे नसतात. जेथे आकाश प्रमाण स्रोताच्या क्षेत्राइतकेच थंड आहे तेथे ते शून्य, आणि आकाशगंगेकडे जावे तसे वाढत जाणारे. जागेनुसार बदलणारी चूक म्हणतात ती अशी. एका पिढीने शून्य कसे बांधले याचा परिणाम पुढच्या पिढीच्या, सर्वस्वी निराळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दुर्बिणीच्या यादीत असा उतरतो.

बीमचा, म्हणजे एका डिशला दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्याचा, प्रश्न थोडक्यात आटोपतो. डिशची संवेदनशीलता मध्याकडून कडेला उतरत जाते आणि सर्वेक्षणात बहुतेक स्रोत कडेकडेलाच पडतात, म्हणून या उताराची मोजणी अचूक लागते. रोख एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, चुकला तर बीमच्या अर्ध्या उंचीवर असलेल्या स्रोताचा फ्लक्स १५० मेगाहर्ट्झवर सुमारे दीड टक्क्याने बदलतो. १४०० मेगाहर्ट्झवर, जेथे बीम जेमतेम २४ कला रुंद असतो, तेथे तोच फरक सुमारे १२ टक्के होतो. कमी वारंवारतेवर एवढी एक सवलत मिळते. शेजारच्या क्षेत्रांची मांडणी एकमेकांवर चढेल अशी ठेवलेली असते, त्यामुळे एकच स्रोत दोन-तीन क्षेत्रांत वेगवेगळ्या अंतरावर सापडतो आणि त्याच्या मापांतला फरक बीमचे प्रतिरूप (मॉडेल) कोठे चुकते ते दाखवून देतो. हे हॅस्लम नकाशातल्या छेदबिंदूंचेच तत्त्व आहे.

आयनांबराचे मात्र तसे थोडक्यात भागणार नाही. त्यातले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरीची कला बदलतात आणि हा बदल वारंवारता कमी होईल तसा वाढतो. एका चौरस मीटरच्या स्तंभात दहाचा सोळावा घात एवढे इलेक्ट्रॉन म्हणजे एक टीईसी एकक; दुपारी आपल्या अक्षांशावर अशी कित्येक एकके डोक्यावर असतात. दोन डिशच्या वरच्या स्तंभांत एककाच्या केवळ शंभराव्या भागाचा फरक असला तरी १५० मेगाहर्ट्झवर कला सुमारे ३२ अंशांनी सरकते. खोडदची जागा यात विशेष कठीण आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंब्याचे अग्निबाणतळ त्याच कारणाने तेथे उभारले गेले. तेथून दुतर्फा सरकणारे इलेक्ट्रॉन उत्तरेला मध्य भारत आणि गुजरातच्या पट्ट्यात दाटतात, आणि जीएमआरटी या दोहोंच्या मध्ये पडते. सूर्यास्तानंतर, विशेषतः संपाताच्या महिन्यांत आणि सौर चक्राच्या कमाल काळात, येथले आयनांबर असे फुटून निघते की स्रोत अक्षरशः लुकलुकू लागतात. अशा तासांतली निरीक्षणे दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. ती पुन्हा घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शांत रात्रीही एक मूलभूत अडचण उरते. आयनांबर साधारण ३०० किलोमीटर उंचीवर धरले तर तीन अंश रुंद क्षेत्राच्या दोन कडांकडून येणाऱ्या लहरी ते सुमारे १६ किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी भेदतात. तेथली स्थिती एकसारखी असण्याचे काहीच कारण नाही. म्हणजे डिशमागे एक कला हे गृहीतकच कोसळते. डिशमागे आणि दिशेमागे एकेक कला लागते. दहा दिशा घेतल्या तर अज्ञातांची संख्या ३०० च्या घरात जाते आणि निरीक्षणे त्या क्षणाला ४३५च असतात. आधी जो भरपूर जादा माल होता तो येथे जवळजवळ संपतो. स्पॅम या पद्धतीने, जी इंटेमा आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडली आणि पुढे टीजीएसएसच्या संपूर्ण फेरप्रक्रियेसाठी वापरली, यातून वाट काढली. क्षेत्रातले ठळक स्रोत एकेक करून सोलायचे (बाकीच्यांपासून वेगळे काढायचे), प्रत्येकाच्या दिशेतल्या कला काढायच्या आणि त्या सगळ्या कला डोक्यावरच्या एकाच सलग पडद्यातून आल्या आहेत असे मानून त्या पडद्याचे प्रतिरूप बसवायचे. सलगपणाची अट घातल्यामुळे अज्ञातांची संख्या आवाक्यात येते आणि ज्या दिशांना ठळक स्रोत नाहीत तेथेही दुरुस्ती पोचते.

अशा वेळी मोह होतो तो अज्ञात वाढवत नेण्याचा, कारण अज्ञात वाढवले की प्रतिमा दरवेळी अधिक स्वच्छ दिसते. यापासून सांभाळावे. मोकळीक फार दिली तर गणित आपल्या प्रतिरूपात नसलेले आकाशातले मंद स्रोतही कॅलिब्रेशनची चूक समजून पुसून टाकते, आणि नॉइज खाली गेल्याचे समाधान मिळते. त्याखेरीज स्व-कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे लक्ष्याच्या क्षेत्रातल्या स्रोतांवरूनच दुरुस्ती काढताना, स्रोताची निरपेक्ष जागा हरवू शकते, म्हणून सुरुवातीचे प्रतिरूप नेहमी ज्ञात स्थानांच्या यादीशी बांधून घ्यावे. यंत्राबाहेरचा स्वतंत्र आधार मिळवण्याचे एक फार सुंदर उदाहरण जीएमआरटीवरच घडले आहे. विश्वाच्या पुनर्आयनीभवनाचा (पहिल्या ताऱ्यांनी आणि दीर्घिकांनी हायड्रोजन आयनित केला त्या काळाचा) माग काढणाऱ्या गटाने २०११ च्या सुमारास कॅलिब्रेशनसाठी बी ०८२३+२६ हा पल्सार (नियमित स्पंद पाठवणारा तारा) वापरला. त्याचा स्पंद अर्ध्या सेकंदाला एकदा येतो. स्पंद चालू असतानाच्या मापातून तो बंद असतानाचे माप वजा केले, की बाकीचे सबंध आकाश, जमीन आणि स्थिर व्यत्यय निघून जातात आणि एकट्या पल्सारचा संकेत हाती राहतो. क्षेत्रातल्या शेजाऱ्यांची भेसळ तेथे उरत नाही.

आता टीजीएसएसच्या आकड्यांकडे येतो. निरीक्षणे २०१० ते २०१२ या काळातली आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पर्यायी आवृत्तीत उणे ५३ अंश क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या) उत्तरेचे सुमारे ३६,९०० चौरस अंश, म्हणजे आकाशाचा ९० टक्के भाग, आणि सहा लाखांवर स्रोत आहेत. खोडदचा अक्षांश १९ अंश उत्तर आहे, त्यामुळे उणे ५३ अंशांवरचा स्रोत क्षितिजापासून जेमतेम १८ अंशच वर येतो. तेथे लहरींना आयनांबरातून तिरकस आणि लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून दक्षिणेकडच्या पट्ट्याकडे अधिक सावधपणे पाहावे. फ्लक्सची अनिश्चितता सुमारे दहा टक्के सांगितलेली आहे. हे दहा टक्के आपण कशासाठी वापरता, त्यावर विश्वासाचे उत्तर अवलंबून आहे.

समजा, टीजीएसएसचा १५० आणि अमेरिकेतील एनव्हीएसएस या सर्वेक्षणाचा १४०० मेगाहर्ट्झवरचा फ्लक्स घेऊन स्रोताच्या वर्णपटाचा उतार काढायचा आहे. दोन वारंवारतांत नऊपटीहून अधिक अंतर असल्याने दहा टक्क्यांच्या चुकीने उतारात ०.०४ एवढाच फरक पडतो. स्रोतांचे उतार एकमेकांपासून याहून कितीतरी अधिक दूर असतात, तेव्हा या कामासाठी यादी निःसंकोच वापरावी.

हेच दहा टक्के दुसऱ्या एका कामाचा पार निकाल लावतात. सूर्यमालेच्या गतीमुळे आपण ज्या दिशेला चाललो आहोत तिकडे ठरावीक फ्लक्सच्या वरचे स्रोत किंचित अधिक दिसायला हवेत. हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास अपेक्षित आहे. स्रोतांची संख्या फ्लक्सच्या साधारण व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून आकाशाच्या एका भागात फ्लक्सची मोजपट्टी दहा टक्क्यांनी वर असेल तर तेथे स्रोतही जवळजवळ दहा टक्के जास्त मोजले जातात. टीजीएसएसमधून काढलेला हा फरक अपेक्षेच्या दहापटीहून अधिक आला. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील ग्लीम सर्वेक्षणाशी केलेल्या तुलनेत टीजीएसएसच्या फ्लक्समध्ये जागेनुसार बदलणारे फरक आढळले होते आणि ग्लीमशी जुळवून काही भागाचे आकडे सुधारलेली यादीही प्रसिद्ध झाली होती. मोठ्या कोनांवर दिसणारी ही जादा विषमता आकाशाची नसून मोजपट्टीची आहे, असेच त्यानंतरच्या विश्लेषणांचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. सर्वेक्षणाची थोरवी यामुळे उणावत नाही. १५० मेगाहर्ट्झवर एवढे आकाश इतक्या बारकाईने तोपर्यंत कोणी पाहिले नव्हते, आणि मोजपट्टीतला दोष शोधता आला तोही स्रोत इतके विपुल आणि त्यांची स्थाने इतकी नेमकी होती म्हणूनच.

आपल्या प्रकल्पासाठी करावयाचे काम मर्यादित आहे. आपले क्षेत्र +३० अंश क्रांतीच्या दक्षिणेला असेल तर त्यातले ठळक, एकटे आणि लहान आकाराचे स्रोत निवडून टीजीएसएस आणि ग्लीमच्या १५१ मेगाहर्ट्झच्या फ्लक्सचे गुणोत्तर काढावे. ग्लीमचे विभेदन सुमारे दोन कलांचे आणि टीजीएसएसचे २५ विकलांचे (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आहे, म्हणून जोडस्रोत घेतले तर ग्लीमचा आकडा विनाकारण मोठा येईल आणि तुलना फसेल. उत्तरेकडच्या क्षेत्रासाठी केंब्रिजचे १५१ मेगाहर्ट्झचे ७सी सर्वेक्षण किंवा लोफारचे १४४ मेगाहर्ट्झचे सर्वेक्षण, जेथपर्यंत ते पोचले आहे तेथे, वापरता येईल. ही गुणोत्तरे सरासरी काढून एका आकड्यात कोंबू नयेत. ती आकाशाच्या नकाशावर ठिपक्यांनी मांडावीत आणि काही अंशांच्या टप्प्यावर त्यांच्यात सलग चढउतार दिसतो का ते पाहावे. दिसला तर तेवढ्या भागाला स्वतंत्र गुणक लावावा आणि तो नकाशा प्रबंधाच्या परिशिष्टात जोडावा, म्हणजे परीक्षकाला आणि पुढे तीच यादी वापरणाऱ्याला आपण कोणता आकडा किती बदलला हे तपासता येईल.